रुग्णांसाठी चित्र द्यायचे, तर कोणते द्यायचे?

कोटितीर्थ_काठ (धागाकर्ते)

नमस्कार. कोल्हापुरातील आम्ही दहा-बारा चित्रकार आणि दोन शिल्पकार मिळून दिवाळीनंतर दसरा चौकातील शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात समकालीन कलाकृतींचे प्रदर्शन भरवण्याच्या तयारीत आहोत. कलाकृती आम्ही दान द्यायच्या आणि विक्रीतून जमेल ती रक्कम कर्करोगाच्या रुग्णांसाठी द्यायची, इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. ही रक्कम औषधोपचारांसाठी न वापरता, उपचारांच्या काळात रुग्णाचे जगणे थोडे सुसह्य व्हावे यासाठी वापरावी, असा माझा आग्रह आहे. माझ्या थोरल्या बहिणीची शस्त्रक्रिया आणि केमो शासकीय योजनेतून झाले. पण सोबतच्या माणसाचे जेवण, खोलीभाडे, रोजची रिक्षा, हाताला सूज आल्यावर घालायची ती घट्ट बाही, यांतले काहीच योजनेत बसले नाही. त्या बाहीवाचून तिने चार महिने हात उशीवर ठेवून काढले, कारण तिची किंमत आम्हाला सांगण्याचा तिला संकोच वाटत होता.

आमच्यात मतभेद झाला तो चित्रांवरून. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की कोल्हापुरात रंकाळा, पंचगंगेचा घाट आणि जोतिबाचा डोंगर विकला जातो, अमूर्त चित्र भिंतीवरच राहते. तेव्हा पैसा उभा करायचा असेल तर प्रत्येकाने एकेक निसर्गचित्र द्यावे. तरुण मंडळींना हे मान्य नाही. मला मात्र आणखी एक गोष्ट खुपते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरातील अशाच मदत-प्रदर्शनाला मी कपाटामागे तीन वर्षे पडून असलेले एक चित्र दिले होते. उद्घाटनाच्या दिवशी ते भिंतीवर पाहिले आणि मान खाली गेली. दान म्हणून दिले, पण द्यायला जड जाईल असे त्यात काहीच नव्हते. आपण काय द्याल, आणि का, हे मोकळेपणाने लिहावे.

माउंट_आणि_पट्टी

मी फ्रेमिंगचा व्यवसाय करतो, म्हणून आधी कामाचे बोलतो. दान आलेली निम्मी कामे नुसत्या कागदाच्या गुंडाळीत येतात आणि आयोजकांना फ्रेमचा खर्च आयत्या वेळी सुचतो. आपल्याकडचा पावसाळा संपून महिना झाला, तरी कागदात ओल असते. तशाच कागदावर काच बसवली की आतून बुरशीचे ठिपके धरतात आणि विकत घेणाऱ्याला ते पुढच्या जूनमध्ये दिसतात. तेव्हा जलरंगाची कामे किमान पंधरा दिवस आधी माझ्याकडे द्या. पट्टी, माउंट आणि काच यांचे पैसे मी खरेदीच्या भावाने लावीन, मजुरी घेणार नाही.

रेषेवर_विश्वास

वरचा प्रतिसाद वाचून आनंद झाला, कारण मला जे म्हणायचे आहे त्याची सुरुवात तिथेच होते. मदतीचा कोणताही कार्यक्रम घ्या: मांडववाल्याला पैसे मिळतात, छपाईवाल्याला मिळतात, चहा देणाऱ्याला मिळतात, आणि चित्रकाराला मात्र ‘तुमचे काय, एक चित्र तर द्यायचे’ असे सांगितले जाते. एका चित्रामागे महिनाभराचे काम, रंग, कॅनव्हास आणि स्टुडिओचे भाडे असते, हे मागणाऱ्याच्या गावीही नसते. कोल्हापुरात पूर्णवेळ चित्रकलेवर घर चालवणारे मोजकेच आहेत. बाकीचे शिकवण्या घेतात, गणेशोत्सवात मूर्ती रंगवतात, शाळेत नोकरी करतात. म्हणून ज्यांना हवे त्यांना विक्रीतील निम्मी रक्कम ठेवता यावी, आणि ती कोणी ठेवली, कोणी नाही, हे बाहेर सांगितले जाऊ नये. तसे झाले तरच माणूस कपाटामागचे चित्र न देता भिंतीवरचे देईल. धागाकर्त्यांना जे खुपले, त्याचे मूळ मला इथे दिसते.

कोटितीर्थ_काठ (धागाकर्ते)

निम्म्या रकमेची मुभा ठेवायला माझी हरकत नाही; बैठकीत मांडतो. पण मी कपाटामागचे चित्र दिले ते पैशासाठी नव्हे. ‘दान आहे, कोण बघतंय’ असे मनात कुठेतरी होते, म्हणून दिले. त्याला निम्मी रक्कम हे उत्तर नाही.

बंकरची_किल्ली

मी एका रुग्णालयाच्या रेडिएशन विभागात तंत्रज्ञ आहे. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. चित्रकलेतले मला कळत नाही, पण पैसा कुठे कमी पडतो ते रोज दिसते, म्हणून सविस्तर लिहितो.

रेडिएशन, ज्याला आपल्याकडचे रुग्ण ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात, ते बहुतेकदा आठवड्यातून पाच दिवस आणि पाच ते सात आठवडे चालते. एका दिवसाचा प्रत्यक्ष शेक काही मिनिटांचा असतो, परंतु त्यासाठी गगनबावड्याहून येणाऱ्याला जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर प्रवास पडतो आणि चंदगडहून येणाऱ्याला त्याच्या दुप्पट. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत शेकाचे पॅकेज बसते. रोजची ये-जा आणि खोली बसत नाही. सोबत येणारा मुलगा रोजंदारीवर असेल तर त्याची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. ही गळती कोणत्याच बिलावर दिसत नाही. पंधराव्या-विसाव्या सिटिंगनंतर रुग्ण येईनासा झाला, की आम्ही फोन करतो, आणि पलीकडून उत्तर येते, ‘आता बरं वाटतंय.’ ते बरे वाटणे नसते, बहुतेकदा भाड्याचे पैसे संपलेले असतात. मधेच खंड पडला, की उपचाराचा गुण कमी होतो. म्हणून मी प्रवासभाड्याला निव्वळ सोय म्हणत नाही, तो उपचाराचाच भाग समजतो.

आणखी काही नेमक्या गरजा सांगतो. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात, जो तंबाखू-मिश्रीमुळे आपल्या भागात फार दिसतो, तोंड सोलवटते. भाकरी जात नाही, तिखट तर दूरच, अशा वेळी नळीतून किंवा पेल्यातून देण्याचे पोषक खाद्य लागते. जिभेच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा स्पष्ट बोलता यावे म्हणून वाचा-उपचार लागतात. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर लावायच्या पिशव्या महिन्यागणिक विकत घ्याव्या लागतात. स्तन काढल्यावर ब्लाउजमध्ये ठेवायचा कापसाचा किंवा सिलिकॉनचा आधार लागतो. तो नसेल तर बाई लग्नकार्याला जाणे सोडते. आपल्या प्रदर्शनात ‘रुग्णांच्या मदतीसाठी’ एवढेच मोघम लिहू नका. या चित्रातून अमुक इतके दिवसांचे भाडे, या शिल्पातून अमुक इतक्या पिशव्या, असे लिहा.

ताराबाई_पार्क

बंकरची_किल्ली, आपला प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांचीही अशीच कथा आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करायचा आणि सकाळी दादरला उतरायचे. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपरचे तिकीट पूर्ण सवलतीत मिळते, सोबत्यालाही सवलत असते. तरी अनेकांना ते ठाऊक नसते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर माझ्या मामांसारखे रुग्णालयासमोरच्या पदपथावर चादर अंथरायची. प्रदर्शनात एक टेबल अशा माहितीसाठी ठेवता आले, तर चित्र विकत न घेणारा माणूसही काहीतरी घेऊन जाईल.

हिशेबनीस_राजारामपुरी

हिशेबाच्या बाजूने काही गोष्टी आधीच सांगतो, कारण नंतर त्यावरून मने दुखावतात. आपण ज्याला ८०जी म्हणून ओळखतो ती प्राप्तिकराची सवलत पैशाच्या रूपाने दिलेल्या देणगीला मिळते, वस्तूच्या रूपाने दिलेल्या देणगीला नाही. म्हणजे पन्नास हजारांचे चित्र दान देणाऱ्या कलावंताला त्यासाठी सवलत मिळत नाही. रोखीने दोन हजारांच्या वर दिलेल्या देणगीलाही ती लागू होत नाही आणि नव्या करप्रणालीत तर ही वजावटच नाही. चित्र विकत घेणाऱ्याने पैशाच्या बदल्यात वस्तू नेली, तर ती खरेदी ठरते. त्याला देणगीची पावती देण्याचे आश्वासन निमंत्रणपत्रिकेवर छापू नका. ज्यांना फक्त देणगी द्यायची आहे, त्यांच्यासाठी नोंदणीकृत न्यासाच्या बँक खात्याची वेगळी सोय ठेवा.

दुसरी गोष्ट हक्कांची. चित्र दान दिले, म्हणजे त्याचे स्वामित्वहक्कही दिले असे होत नाही. पुढे त्याचे कॅलेंडर किंवा शुभेच्छापत्र काढायचे असेल, तर कलावंताची लेखी परवानगी लागते. शिवाय १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यातील ५७व्या कलमाप्रमाणे कलाकृतीची मोडतोड होऊन कलावंताच्या प्रतिष्ठेला बाधा येत असेल, तर विक्रीनंतरही त्याला दाद मागता येते. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे विज्ञान भवनातील भित्तिशिल्प काढून गुदामात टाकले गेले, त्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. न विकलेली चित्रे कोणाच्या तरी गॅरेजमध्ये धूळ खात पडणार असतील, तर त्यांचे काय करायचे ते आजच ठरवा.

टेम्सच्या_पलीकडून

मूळची मी शाहूपुरीची, सध्या इंग्लंडमध्ये असते. धागाकर्त्यांनी ज्याला ‘जगणे सुसह्य व्हावे’ म्हटले, त्यासाठीच इथे मॅगीज नावाची केंद्रे आहेत. मॅगी केझविक जेंक्स यांना कर्करोग परतल्याचे कळले, तेव्हा ती बातमी पचवायला त्यांना रुग्णालयाच्या बिनखिडकीच्या बोळापलीकडे जागा नव्हती. त्यांनी नवऱ्याच्या, म्हणजे वास्तुसमीक्षक चार्ल्स जेंक्स यांच्या सोबतीने रुग्णालयाच्या आवारातच एका वेगळ्या जागेची कल्पना मांडली. १९९५ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी एडिंबरा येथे पहिले केंद्र उघडले. तिथे औषध मिळत नाही. स्वयंपाकघरातले मोठे टेबल, बाग, चहा, बोलायला माणूस, एवढेच असते. ती केंद्रे देणग्यांवर चालतात.

विक्रीबद्दल एक सुचवते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टने १९९४पासून पोस्टकार्डाच्या आकाराच्या कामांचे प्रदर्शन भरवले. सर्व कामे एकाच आकाराची, एकाच किमतीची, आणि सही मागच्या बाजूला. नामवंताचे कोणते आणि विद्यार्थ्याचे कोणते, हे विकत घेईपर्यंत कळत नाही. तिथला निधी विद्यार्थ्यांसाठी असे. आपल्याकडे मोठ्या चित्रांसोबत अशी एक भिंत ठेवली, तर दोन हजार रुपये खिशात असलेल्या माणसालाही खरेदी करता येईल, आणि ‘रंकाळा की अमूर्त’ हा वाद तिथे आपोआप सुटेल, कारण माणूस नाव न बघता चित्र बघेल.

गुळाचा_सौदा

पोस्टकार्डांची भिंत उत्तम आहे, पण मोठ्या चार-पाच कामांचा लिलाव करा, ही माझी विनंती. मार्केट यार्डात गुळाचे सौदे काढणाऱ्या माणसाला बोलवा. त्याच्या आवाजापुढे हात आखडता घेण्याची कोणाची छाती नाही. गणपतीच्या लिलावात एका नारळाला हजारो रुपये मोजणारे हे शहर आहे. ती उमेद चित्राकडे वळवायला हवी, एवढेच.

रेषेवर_विश्वास

नारळाचा लिलाव श्रद्धेने होतो, चित्राची किंमत मात्र पुढे बाजारात त्या चित्रकाराच्या नावाला चिकटते. उघड लिलावात एखाद्या तरुण मुलीचे काम पंधराशेला गेले, तर पुढची दोन वर्षे गिऱ्हाईक तोच आकडा तिला ऐकवेल. लिलाव करायचाच असेल, तर खालची किंमत आधी ठरवा आणि बोली बंद चिठ्ठीत घ्या.

गुळाचा_सौदा

हे माझ्या ध्यानात आले नव्हते. बंद चिठ्ठी मान्य.

तेहतीस_सिटिंग

मी राधानगरी तालुक्यातील निवृत्त शिक्षिका आहे. गालाच्या कर्करोगावर माझी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर तेहतीस सिटिंग. वर तंत्रज्ञ भाऊंनी लिहिले ते सारे खरे आहे. त्यांनी संकोचाने न लिहिलेली एक गोष्ट मी लिहिते.

शेक देताना मान हलू नये म्हणून एक मुखवटा करतात. प्लॅस्टिकचा जाळीदार पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबतात, आणि तो थंड होईपर्यंत, म्हणजे काही मिनिटे, आपण तसेच निजून राहायचे. मग तो आपल्याच चेहऱ्याच्या आकाराचा होऊन कडक होतो. त्यानंतर रोज तो मुखवटा चेहऱ्यावर चढवून खालच्या फळीला पकडींनी अडकवतात. डोळे उघडले तर जाळीतून छत दिसते. बाहेर आल्यावर गालावर त्या भोकांचे ठसे अर्धा तास राहत. बसमध्ये मी पदर ओढून घेत असे.

उपचार संपल्यावर मुखवटा मला घरी नेऊ दिला. फेकून द्यावा असे वाटेना आणि ठेवावा असेही वाटेना. माझ्या नातीने, ती नववीत आहे, त्या भोकांतून लोकरीचा दोरा ओवायला घेतला. रोज एक ओळ, तेहतीस दिवस तेहतीस ओळी, आणि रंग मी सांगायचे. पहिल्या आठवड्याच्या ओळी मी पांढऱ्या सांगितल्या होत्या, कारण तेव्हा चव होती. चव गेली ते दिवस करड्या रंगाचे आहेत. शेवटच्या चार ओळी तिने मला न विचारता पोपटी केल्या.

आपले प्रदर्शन समकालीन कलेचे आहे. हे त्यात बसेल का?

बंकरची_किल्ली

बाई, मी आजवर शेकडो मुखवटे दाबले असतील. घरी गेल्यावर त्यांचे काय होते, हे मला आज पहिल्यांदा कळले.

दसरा_चौकातला

मला थोडे विरोधात बोलायचे आहे, आणि बाईंचा पूर्ण आदर ठेवून बोलतो. मदतीच्या कार्यक्रमात रुग्णाचे दुःख समोर मांडले, की लोकांचा हात खिशात जातो. केस गेलेल्या मुलांची छायाचित्रे निमंत्रणपत्रिकेवर छापणारे कार्यक्रम आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या मुलाला पुढे मोठे होऊन याच शहरात राहायचे असते. मुखवटा ठेवला, तर इतर चित्रे त्याच्यापुढे फिकी पडतील आणि लोक दया येऊन खरेदी करतील. हे प्रदर्शन दयेवर चालावे का?

तेहतीस_सिटिंग

तुमची शंका रास्त आहे. पण छायाचित्रातल्या मुलाला कोणी विचारलेले नसते. मला कोणी मागितले नाही, मीच देते आहे. आणि हा मुखवटा विकायचा नाही. तो माझ्या चेहऱ्याचा आहे, नातीच्या हाताचा आहे. तो आठवडाभर लोकांनी पाहावा आणि घरी परत यावा. नाव लिहायचे तर ‘आजी आणि नात’ एवढेच लिहा.

रेषेवर_विश्वास

हे काम प्रदर्शनात असले पाहिजे. वेळ, पुनरावृत्ती, शरीर आणि दोन पिढ्यांचे हात, एवढे एका वस्तूत आहे. आमच्यातल्या कोणी हे केले असते, तर आम्ही त्यावर पानभर टिपण लिहिले असते.

जुना_राजवाडा_पेठ

मूळ वादाकडे येतो. रंकाळा रंगवणे म्हणजे जुनाट आणि अमूर्त म्हणजे समकालीन, ही वाटणीच मला मान्य नाही. जुन्या पिढीतले चित्रकार आबालाल रहिमान इथल्या कोटितीर्थ तलावाच्या काठी राहिले आणि तेच पाणी, तेच काठ वेगवेगळ्या उजेडात त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवले. त्यांच्या काळात ते अगदी आजचे, ताजे काम होते. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाच्या कॅमेऱ्याकडे वळले, ते काही कालचेच पुन्हा करायचे म्हणून नव्हे. आज एखादा चित्रकार रंकाळ्याचे हिरवट पाणी आणि त्यावरची जलपर्णी प्रामाणिकपणे रंगवत असेल, तर ते समकालीनच आहे. आणि विकले जाते म्हणून संध्याकाळचा केशरी रंकाळा विसाव्यांदा काढत असेल, तर ते दान म्हणूनही देऊ नये.

आणि देण्याबद्दलच बोलायचे, तर राजारामपुरीतल्या अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांढरे यांच्या संग्रहालयात एकदा सर्वांनी जाऊन या. त्यांनी आपले घर आणि चित्रे शासनाला देऊन टाकली. तिथल्या भिंतींवर कपाटामागची चित्रे नाहीत.

पाठीवर_उन्हं

न विकल्या गेलेल्या चित्रांबद्दल हिशेबनीस यांनी विचारले होते. ती रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात लावावीत, असे मला वाटते. रॉजर उलरिच यांचा १९८४ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे: पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास ४६ रुग्णांचाच होता आणि तो चित्रांचा नव्हता, खिडकीचा होता, हे मान्य. तरीही तासन्‌तास बसून राहणाऱ्या माणसाच्या समोर काय आहे, याला महत्त्व आहे, एवढे त्यातून घ्यायला हरकत नाही.

बंकरची_किल्ली

आमच्या प्रतीक्षागृहात समोर सडलेल्या जबड्याचे तंबाखूविरोधी पोस्टर आहे. ज्याला आधीच तो आजार झाला आहे, तो रोज तासभर त्याच्याकडे बघत बसतो. चित्र द्याल तर मी स्वतः खिळा ठोकीन. फक्त भडक लाल नको, आणि काचेऐवजी ॲक्रिलिकची शीट असावी.

कोटितीर्थ_काठ (धागाकर्ते)

काल बैठक झाली. हा सगळा धागा मी तिथे वाचून दाखवला. विषयाचे बंधन ठेवायचे नाही, रंकाळाही चालेल, पण गेल्या वर्षभरातले आणि स्वतःला ठेवून घ्यावेसे वाटणारे काम हवे, असे ठरले. निम्मी रक्कम ठेवण्याची मुभा असेल आणि ती फक्त हिशेबनीस यांना माहीत असेल. पोस्टकार्डांची एक भिंत असेल, मोठ्या पाच कामांना बंद चिठ्ठ्या असतील. निधी पहिल्या वर्षी दोनच गोष्टींसाठी वापरायचा: शेकाला येणाऱ्यांचे प्रवासभाडे आणि हाताच्या सुजेसाठीच्या बाह्या. कोणाही रुग्णाचे छायाचित्र कुठेही छापले जाणार नाही. न विकलेले चित्र कलावंताला विचारून बंकरची_किल्ली यांच्या विभागात जाईल, नाहीतर कलावंताकडे परत.

मी स्वतः बहिणीचे रेखाचित्र देत आहे, उशीवर ठेवलेल्या हाताचे. ते मी कोणाला दाखवले नव्हते. तिला विचारले. ती म्हणाली, ‘चेहरा नाही ना त्यात? मग दे. आणि किंमत कमी लावू नकोस.’

बाईंचा मुखवटा प्रवेशदाराशी न ठेवता दालनाच्या आतल्या कोपऱ्यात, ज्याला बघायचे त्याने जाऊन बघावे अशा जागी ठेवू. दसरा_चौकातला यांनाही हे पटले आहे.

माउंट_आणि_पट्टी

मुखवट्याला साधी फ्रेम चालणार नाही, खोल पेटी करावी लागेल. समोर ॲक्रिलिक, मागे न रंगवलेले सागवान. बाई, फळीपासून नाकाच्या टोकापर्यंत उंची किती भरते, ते मोजून कळवाल का?

तेहतीस_सिटिंग

नातीने मोजले. नऊ इंच. लोकरीची गाठ नाकावर आहे, तेव्हा अर्धा इंच जास्त धरा.